कोंबड्याच्या माथी आमचे पाप?

तिश्री महिना जवळ आला की आपल्या घरांत दोन प्रकारची तयारी सुरू होते. एक तयारी स्वयंपाकघरातली. गहू भिजत घालून त्यांचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात तो आटवून नव्याच्या सणाचा हलवा ढवळत बसायचे, पाहुण्यांसाठी ताटे-वाट्या मोजून ठेवायच्या. दुसरी तयारी मनाची. वर्षभरात कोणाला दुखवले, कोणाचे देणे राहिले, कोणाशी अबोला धरला, याचा हिशेब करायचा. पहिल्या तयारीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसरीतील एका प्रश्नाबद्दल आज वाचक बंधुभगिनींशी बोलावे असे मनात आहे. किप्पूरच्या आदल्या दिवशी आपल्या पापाच्या बदल्यात कोंबडा फिरवावा काय? आणि ज्या दिवसांत आपण देवाकडे दया मागतो, त्या दिवसांत मुक्या जिवांशी कसे वागावे?

कप्पारोथची चाल वाचकांना ठाऊक आहेच. पुरुषासाठी कोंबडा व स्त्रीसाठी कोंबडी घ्यायची, ती डोक्याभोवती तीनदा फिरवायची, हा माझा मोबदला असे म्हणायचे आणि मग शोहेतच्या हाती द्यायची. मांस किंवा त्याची किंमत गरिबांना द्यायची. इस्राएलमध्ये अनेक देशांचे यहुदी एका जिन्यात राहतात. एकमेकांच्या चाली एकमेकांना लागतात. आपल्यापैकी काही घरांनीही ही चाल उचलली. शेजारी करतात, मग आपण मागे का, एवढेच कारण त्याला पुरले.

आम्हीही एके वर्षी ते केले, हे आधी कबूल केले पाहिजे. शेजाऱ्यांनी प्रेमाने आग्रह केला आणि आम्ही त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. प्लॅस्टिकचे पिंजरे एकावर एक रचलेले होते. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या पाखरांवर पडत होती. उन्हात चोची उघड्या टाकून ती धापा टाकीत होती. पाण्याचे भांडे कोठेही दिसले नाही. विकणाऱ्या मुलाने एक पांढरा कोंबडा बाहेर ओढला, त्याचे पंख मागे मुरगळले आणि आमच्या हाती दिला. रांग मोठी होती, सर्वांना घाई होती. आम्ही भराभर शब्द म्हटले. पण शब्दांकडे लक्ष नव्हते, कारण तळहाताखाली त्या पाखराचे काळीज धडधडत होते. दुसऱ्या दिवशी मशिदीत विदुई म्हणताना आपण छातीवर मूठ मारतो, तशी मारली. तेव्हा तेच धडधडणे हाताला आठवले. वर्षभराची पापे तर अंगावर होतीच. आदल्या दुपारचे आणखी एक त्यांत मिळाले होते, असे वाटले.

हे केवळ हळव्या मनाचे वाटणे, असे कोणी म्हणेल. म्हणून धर्मशास्त्र काय म्हणते ते पाहिले. रब्बी योसेफ कारो हे त्सफातचे. त्यांचा शुल्हान आरुख १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात किप्पूरच्या आदल्या दिवशी कोंबडा मारण्याची ही चाल बंद पाडावी असे त्यांनी सांगितले आहे. क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस, ज्यांना आपण रामा म्हणतो, त्यांनी मात्र ही जुनी चाल असल्याने ती बदलू नये असे लिहिले. म्हणजे मतभेद शेकडो वर्षांचा आहे, आणि चाल पाळणाऱ्यांची टर उडवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पुढे मिश्ना ब्रुरा या ग्रंथात असा सल्ला आला की गर्दीच्या घाईत शेहीता चुकण्याची भीती असेल, तर कोंबड्याऐवजी पैसे फिरवून ते गरिबांना द्यावे. तेल अवीवचे प्रमुख रब्बी हाईम दावीद हलेवी १९९८ साली वारले. त्यांनी तर प्रश्न सरळ विचारला होता: पवित्र दिवसाच्या उंबरठ्यावर, स्वतःसाठी दया मागत असताना, गरज नसलेली निर्दयता आपण कशासाठी करायची?

प्राण्यांच्या दुःखाविषयीचा नियम आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. त्साआर बआले हाईम, म्हणजे सजीवांना विनाकारण त्रास न देणे, हे आपल्या तोरातूनच काढलेले तत्त्व आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तरी त्याला सोडवायला हात लावावा. गाय आणि तिचे वासरू एकाच दिवशी मारू नये. घरट्यातून पिले घेताना आईला आधी सोडून द्यावे. हाखामिमांनी आणखी सांगितले की जनावराला खायला घालण्याआधी माणसाने स्वतः जेवू नये. इस्राएल सरकारने १९९४ साली प्राणिरक्षणाचा कायदा केला, त्याला नाव दिले तेही त्साआर बआले हाईम हेच. बदकांच्या जातीच्या हंसांना घशात नळी घालून बळेच चारण्याचा मोठा धंदा या देशात होता. २००३ साली येथील सर्वोच्च न्यायालयाने तो याच कायद्याविरुद्ध ठरवला.

आता आपल्या वाडवडिलांकडे वळू. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, हे प्रत्येक बेने इस्राएल मुलाला सांगितले जाते. आम्ही शब्बाथ मोडला नाही म्हणून हे नाव पडले, असे आपण अभिमानाने सांगतो. पण घाण्याकडे जरा नीट पाहा. घाणा तेली फिरवीत नसे, बैल फिरवीत असे. डोळ्यांना झापड लावून, दिवसभर एकाच रिंगणात. शनवारी घाणा थांबला म्हणजे सर्वांत आधी तो बैल थांबला. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, नोकर यांच्याबरोबर जनावराचाही विसावा सांगितला आहे. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या खेड्यांत आपल्याजवळ ग्रंथ फार नव्हते, रब्बी नव्हते. तरी एवढी आज्ञा शिल्लक राहिली आणि तिच्यावरून शेजाऱ्यांनी आपल्याला ओळखले. एका मुक्या जनावराची सुटी आपल्या नावात आहे. असे नाव असलेल्या समाजाने उन्हातल्या पिंजऱ्याकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

किप्पूरला आपले पूर्वज दारफळणीचा सण म्हणत. हाईम शमुवेल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात या जुन्या सणांची नावे आहेत. त्या दिवशी दारे बंद करून, पांढरी वस्त्रे घालून, बाहेरच्यांशी संबंध न ठेवता लोक उपास करीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांच्या घरी जायचे. प्रायश्चित्ताची ही किती साधी रीत! आधी स्वतःचे दार लावून स्वतःकडे पाहायचे, मग दार उघडून दुसऱ्याकडे जायचे.

येथे काही आक्षेप येतील, आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की आपण शब्बाथला कोंबडीचा रस्सा खातोच, मग किप्पूरच्या कोंबड्यासाठी अश्रू कशाला? आक्षेप खरा आहे. आम्ही शाकाहारी नाही, आणि स्वतःला दयेचे पुतळे म्हणवून घेण्याची आमची इच्छा नाही. पण तलमूदातील रब्बी येहूदा हनासी यांची गोष्ट आठवा. शेहीतासाठी नेले जाणारे एक वासरू पळत येऊन त्यांच्या झग्यात तोंड लपवून रडू लागले. तू यासाठीच जन्मला आहेस, जा, असे ते त्याला म्हणाले. त्या शब्दांमुळे त्यांच्यावर दुखणे आले आणि ते तेरा वर्षे राहिले. पुढे एकदा घर झाडताना मोलकरीण मुंगसासारख्या लहान प्राण्याची पिले बाहेर टाकू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवले. देवाची दया त्याच्या सर्व निर्मितीवर आहे, याची तिला आठवण दिली. मग त्यांचे दुखणे गेले. वासरू मारणे शास्त्राविरुद्ध होते असे ही गोष्ट म्हणत नाही. दोष होता तो आश्रयाला आलेल्या जिवाला दिलेल्या कोरड्या उत्तराचा. मांस खायचे की नाही हा निर्णय प्रत्येक घराने आपल्या समजुतीने करावा. आपल्या नातवंडांपैकी काहींनी तो निर्णय केला आहे. त्यांच्यासाठी सणाच्या ताटात वालाचे बिरडे वाढताना तोंड वाकडे करू नये, इतके तरी आपण करू शकतो. परंतु खाणारा असो की न खाणारा, यासाठीच ही जन्मली आहेत हे उत्तर देऊन कोणालाच मोकळे होता येत नाही.

दुसरा आक्षेप, माणसे उपाशी असताना पाखरांची काळजी कसली? पण कप्पारोथची किंमत पैशांत काढली तर गरिबाचे काय जाते? त्याला त्या पैशांत कोंबडी घेता येईल, औषध घेता येईल, मुलाच्या वह्या घेता येतील. दान तेवढेच राहते. फक्त मधला धडधडणारा जीव सुटतो.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत जड वाटतो: पूर्वजांची चाल मोडू नये. ज्यांच्या वाडवडिलांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांच्या तोंडी हे बोलणे साजते. पण जी चाल आपण कालपरवा उचलली, तिला पूर्वजांचे नाव देणे बरोबर नाही. आपल्या घरची चाल म्हणायची तर मलिद्याचे ताट आहे. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, गूळ, वेलची आणि फळे. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन, बेराखा म्हणून ते ताट आपण सर्वांना वाटतो. नवस फेडायचा असो की आनंद सांगायचा असो, देवापुढे काय ठेवावे हे आपल्याला ते ताट शिकवते.

किप्पूरच्या दुपारी मिन्हाला योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचतात. त्या वेळी उपासाने डोके जड झालेले असते आणि पुष्कळांचे लक्ष घड्याळाकडे असते. निनवे शहराने पश्चात्ताप केला तेव्हा माणसांबरोबर गुराढोरांनीही उपास केला, असे त्यात आहे. आणि पुस्तक ज्या वाक्याने संपते त्यात देव योनाला विचारतो की १,२०,००० हून अधिक अजाण माणसे आणि पुष्कळ जनावरे ज्या शहरात आहेत, त्याची कीव मी करू नये काय? वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी आपल्या कानांवर घातलेल्या गोष्टीचा शेवटचा शब्द जनावरांविषयी आहे. निनवेला वाचवताना देवाने त्यांना मोजले. त्याच्या आदल्याच दिवशी आपण मात्र त्यांना मोजत नाही.

आमच्या मते कप्पारोथचा खरा घोटाळा येथेच आहे. पाप आपले. ज्याच्या अंगावर ते ढकलायचे, त्याने काही केलेले नाही, त्याला नाहीही म्हणता येत नाही. आपण मात्र हलके होऊन घरी येतो. ज्याला दुखवले त्याच्या दाराशी जाणे अवघड असते. कोंबडा फिरवणे सोपे असते. माणसाने माणसाचा केलेला अपराध तो माणूस समजावला जाईपर्यंत किप्पूरनेही फिटत नाही, हे तर मिश्नाचेच वचन आहे. मग तेथे कोंबडा काय करील?

ज्यांनी आम्हांला बाजारात नेले होते, त्या शेजाऱ्यांना पुढच्या वर्षी आम्ही सांगितले की यंदा आम्ही पैसे फिरवणार. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी हे केले होते, आणि आमच्या बोलण्यात त्यांना त्यांचा कमीपणा दिसला. दोन दिवस जिन्यात बोलणे झाले नाही. तेव्हा आम्हीच त्यांच्या दाराशी गेलो. किप्पूरच्या आधी शेजाऱ्याचे मन दुखवून ठेवणे हेही बरे नव्हे. बोलणे लांबले. त्यांनी चाल सोडली नाही. पण आता ते आदल्या दिवशी सकाळीच, ऊन चढण्यापूर्वी जातात, कोंबडा सावलीत ठेवतात, त्याच्यापुढे पाणी ठेवतात आणि त्याला दोन्ही हातांनी पोटाखालून उचलतात. आम्ही पैसे पाकिटात घालतो. नेइला झाल्यावर दोन्ही घरे एकमेकांकडे चहाला जातात.

एवढेच आमचे मागणे आहे. ज्यांना जमेल त्यांनी पैसे द्यावेत. ज्यांना चाल सोडवत नाही त्यांनी पाखराला निदान पाणी, सावली आणि हळुवार हात द्यावा. आणि आपण सर्वांनी शिळा सण पुन्हा मनावर घेऊन, उपास सुटल्यावर दुसऱ्या दिवशी एखाद्या अडलेल्या घराकडे पावले वळवावीत. सर्वांची नावे चांगल्या वर्षासाठी लिहिली जावोत. गमार हतिमा तोवा.