माळ्यावरची आगगाडी

नौपाड्यांत सध्यां जुनीं घरें पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभारण्याचें काम जोरांत चाललें आहे. गोखले मार्ग असो कीं राम मारुती मार्ग, बिऱ्हाडें हलतांना पाहणें कोणास नवलाचें राहिलेलें नाहीं. घर रिकामें करावयाचें म्हणजे माळा उपसणें आलें. आणि माळा उपसूं लागलें कीं तांब्याचा बंब, मोडका पाळणा यांच्या मागोमाग एखादें खेळणेंही खालीं उतरतें. त्याचा एके काळचा धनी बहुधा जवळच उभा असतो. तो आतां अकरा-बारा वर्षांचा झालेला असतो. समजा, तें खेळणें म्हणजे सावंतवाडीच्या चितारआळींतून आलेली लांकडी आगगाडी आहे. (ठाण्याच्या मुलास आगगाडीचें वेड असावें हें रास्तच, १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून सुटलेली या देशांतील पहिली प्रवासी गाडी १४ डबे आणि सुमारें ४०० प्रवासी घेऊन येथेंच येऊन थांबली.) मुलगा गाडी हातांत घेतो, उलटीसुलटी करून पाहतो आणि म्हणतो, "एवढीशीच होती ही?"

गाडी डोळ्यांसमोर असतांना त्याच्या तोंडीं "आहे" न येतां "होती" कां यावें? पांगाऱ्याचें लांकूड कांहीं आटलेलें नाहीं. पण फरशीला गाल टेकून, एक डोळा मिटून, त्या चाकांकडे पाहणारा जो चार वर्षांचा प्रेक्षक होता तो नाहींसा झाला आहे, आणि ही बातमी त्याला आजच लागली आहे. दाराच्या चौकटीवरील पेन्सिलीच्या खुणा त्याची उंची सांगतात. छायाचित्रें तो इतरांस कसा दिसत होता तें दाखवितात. परंतु जग त्याला कसें दिसत होतें याचा पुरावा या वीतभर लांकडापाशींच आहे.

जॉन लॉकनें आपल्या मानवी बुद्धीवरील ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तींत असें प्रतिपादिलें कीं मनुष्याची जाणीव मागें जेथवर पोंचते तेथवरच तो तोच मनुष्य होय. आतां या मुलास गाडी कोणी आणली, दोरी कधीं तुटली, यांतलें कांहींच आठवत नाहीं. तें सारें आजी सांगते. लॉकच्या कसोटीस लावलें तर ती गाडी दुसऱ्याच कोणा मुलाची ठरेल. तरीही त्याचा आंगठा नकळत मागच्या डब्याच्या टवका उडालेल्या कडेवर जाऊन बसतो. लॉकनें आंगठ्याची साक्ष काढलेली नाहीं.

विनिकॉट नांवाच्या इंग्रज बालवैद्यानें १९५१ सालीं आपल्या एका निबंधांत म्हटलें कीं अगदीं लहानपणींच्या जिवलग वस्तूला मूल विसरतही नाहीं आणि तिच्यासाठीं शोकही करीत नाहीं. तिच्यांतला अर्थ हळूहळू निघून जातो, एवढेंच. हें मला पटतें. परंतु तो निरोप झाला. पुनर्भेटीची गोष्ट निराळी. पुनर्भेटींत जुना अर्थ परत येत नसून एक नवाच अर्थ उमगतो. "मृच्छकटिकां"तील रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो, मातीची गाडी त्याला नको असते. वसंतसेना आपले अलंकार उतरवून ती मातीची गाडी भरते. पुढें तेच अलंकार न्यायसभेंत चारुदत्तावर उलटतात. रोहसेनाचें वय तें काय! त्याला त्या वेळीं हवी होती ती सोन्याची गाडी, आणि बाकी कांहींही नको होतें. पण बारा वर्षांचा रोहसेन ती मातीची गाडी पुन्हां हातीं घेता, तर बापाचें दारिद्र्य आणि एका परक्या स्त्रीची माया हीं दोन्हीं त्याला तींत प्रथमच दिसतीं. आपल्या नौपाड्यांतील मुलालाही तसेंच होतें. पुढच्या चाकाला मारलेला ओबडधोबड खिळा त्याला पूर्वीं कधीं दिसला नव्हता. तो आजोबांनीं मारलेला आहे, आणि आजोबा आतां नाहींत.

नेमकी याच घटकेस आई म्हणते, "मोठा झालास ना आतां? देऊन टाकूं ती खालच्या बाळाला." आईचा हेतु वाईट नाहीं. नव्या घरांत जागा बेताची, शिवाय वस्तूंचा मोह वाढूं नये ही आपल्याकडील शिकवणही जुनीच. पण आपल्या धर्मशास्त्रानें दानाची जी व्याख्या केली आहे तींत आपलें स्वत्व सोडणें हें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करण्याच्या आधीं येतें. गाडीचे पैसे बापानें दिले हें खरें. तथापि तिच्यावर मुलाचें जें स्वत्व आहे तें पैशांनीं आलेलें नाहीं, म्हणून तें आईबापांस सोडतां येत नाहीं. त्याच्या हातून काढून घेऊन ती बाळास दिली तर बाळाला गाडी मिळेल, पण दान कोणाच्याच हातून घडणार नाहीं. आणि जिचा त्याग त्यानें केलाच नाहीं त्या गाडीच्या बाबतींत निर्मोह होण्याची त्याची संधिही गेली. कोणी म्हणेल, एवढ्याशा लांकडाचा हा किती बाऊ! परंतु "माझें नव्हे" असें म्हणण्याचा अधिकार मुलाच्या आयुष्यांत याहून मोठ्या वस्तूवर त्या वयांत चालत तरी कोठें असतो?

सामान हलविणारे मजूर उद्यां सकाळीं यावयाचे असतात. रात्रभर गाडी त्याच्या उशाशीं राहूं द्यावी. सकाळीं ती पेटींत जाईल कीं खालच्या मजल्यावर, हें त्याला विचारावें; आणि कदाचित् तो स्वतःच ती घेऊन जिना उतरेल, नवी दोरी ओवून.