‘छान आहे’ हे उत्तर नव्हे

आमच्या धंद्यात सगळ्यात फसवं वाक्य कुठलं असेल, तर ‘छान आहे.’ नवीन स्क्रीन समोर धरा, माणूस दोनदा वर-खाली सरकवतो आणि म्हणतो, छान आहे. रिपोर्टमध्ये त्याची नोंद ‘वापरकर्त्यांचा सहभाग’ अशी होते आणि आम्ही सगळे पुढच्या मीटिंगला जातो. एखादी गोष्ट ज्यांच्यासाठी बनतेय त्यांना विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं? आणि कधी?

हा प्रश्न मला ऑफिसात पडला नाही, घरी पडला. घर म्हणजे वरळीची बीडीडी चाळ. १९२० साली ब्रिटिश सरकारने मुंबईत एक विकास विभाग काढला, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. आमच्या चाळीच्या नावातली तीन अक्षरं त्याचीच. गिरणी कामगारांसाठी घरं बांधायची होती. फक्त कामगारांना विचारायचं राहून गेलं. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब पॅसेज, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडं परवडेना आणि काँक्रीटचे ते डबे लोकांना आवडेनात. १९३० नंतर सत्याग्रहींना डांबायला वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. राहायच्या घराचा तुरुंग करायला फारसं काही बदलावं लागलं नसेल, तर त्या नकाशाबद्दल आणखी काय बोलायचं!

आता पुनर्विकास चालू आहे. वरळीत अशा १२१ इमारती. त्यांच्या जागी म्हाडा टॉवर बांधतेय, पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर फुकट. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मी चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांपैकी नाही. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, घरात संडास असणं म्हणजे काय. बाहेरून येऊन आमच्या पॅसेजचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणारे आणि ‘ही संस्कृती हरवणार’ म्हणून हळहळणारेही आम्हाला काही विचारत नाहीतच.

तर काम सुरू झालं तेव्हा नव्या इमारतींची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली. संगणकावर केलेली, चकचकीत. निळं आकाश, हिरवळ, काचेच्या खिडक्या. आमच्या मजल्यावर फोन हातोहात फिरला आणि प्रत्येकाने तेच वाक्य म्हटलं. छान आहे. दुसरं काय म्हणणार? त्या चित्रात बोट ठेवायला जागाच नव्हती. अशी चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी स्वतः काम केलंय. त्यात तुम्ही मान वळवू शकता, खोलीत फिरू शकता, भिंतीचा रंग बदलू शकता. भिंत हलवू शकत नाही. याला आम्ही ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतो.

मग एका रविवारी मंडळाच्या पोरांनी कबड्डीचं मैदान आखायची फक्की काढली आणि दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत आम्ही ५०० चौरस फूट आखले. खऱ्या मापात. हॉल, किचन, दोन बेडरूम. फ्रिजच्या जागी खोका, दिवाणाच्या जागी कॅरम बोर्ड. दहा मिनिटांत भांडणं सुरू! शेजारच्या काकू किचनच्या रेषांमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, ‘भाकऱ्या थापताना दार उघडं ठेवलं तर समोर कोण दिसणार?’ पॅसेजमध्ये त्यांना अख्खा मजला दिसतो. कोणी विचारलं, गणपतीत गावची दहा माणसं आली तर गाद्या कुठे घालायच्या. आणि सगळे हसत असताना तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘चाळीसाव्या मजल्यावरनं मयत कसं खाली आणायचं? आडवं की उभं?’ मग कोणी हसलं नाही. लिफ्टची लांबी कुठल्याच चित्रात नव्हती. ‘आता विचारून काय उपयोग, खांब उभे राहिलेत,’ असं म्हणत एकेक जण पांगला.

हा शोध काही आमचा नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८०च्या दशकात हेच केलं होतं. ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’ या संस्थांबरोबर त्यांनी आपल्याला हवं तसं घर लाकूड आणि कापड वापरून खऱ्या आकारात उभं केलं, लोकांना बघायला बोलावलं. माप साडीचं. त्यांना हवी होती १४ फूट उंच खोली, म्हणजे आत पोटमाळा निघतो आणि वाढत्या कुटुंबाला वर सरकता येतं. हे उत्तर ‘तुम्हाला कुठला पर्याय आवडला?’ या प्रश्नाला आलं नसतं, कारण पर्याय देणाऱ्याच्या डोक्यात उंची नसते, चौरस फूट असतात.

त्याच दशकात स्वीडन-डेन्मार्कमध्ये छापखान्यातल्या कामगारांच्या संघटनांबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प चालू होता, १९८१ ते १९८५. नवीन संगणक कामगारांच्या हाताला शोभेल असा कसा बनवायचा, हा प्रश्न. पेले एन आणि सहकाऱ्यांनी काय केलं? कागदाचे स्क्रीन बनवले आणि रिकाम्या खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असं लिहून ठेवलं. खोका कोणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. त्याच्याबद्दल ‘छान आहे’ म्हणायची कोणावर जबरदस्ती नसते.

त्यांच्याही आधी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, क्रिस्टन नायगार्ड नॉर्वेच्या लोखंड-धातू कामगार संघटनेबरोबर काम करत होता. हाच तो नायगार्ड, ज्याने ओले-योहान डालबरोबर ‘सिम्युला’ भाषा बनवली. क्लास आणि ऑब्जेक्ट आपण इंजिनिअरिंगला व्हायव्हासाठी पाठ केले, ते तिथून आले. त्याच्या दुसऱ्या कामाबद्दल मात्र चार वर्षांत कोणी चकार शब्द काढला नाही. त्या कामातून पुढे करार झाले: कारखान्यात संगणक आणायचा तर कामगारांना आधी सांगायचं, त्यांच्याशी बोलायचं. प्रश्न स्क्रीनचा नव्हता. मशीन काय ठरवणार, हे कोण ठरवणार, असा होता.

इथे मला स्वतःलाच अडवावं लागतं, कारण लोकांना विचारलं की न्याय झाला असं नसतं. नवी घरं कोणाला कुठली, हे संगणकीय सोडतीने ठरतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बघाल तर सगळ्यात कमी सहभागाची गोष्ट. पण समजा, आवडीचा मजला निवडा म्हटलं असतं. मग ज्याची ओळख, ज्याचा आवाज मोठा, त्याला समुद्राकडची खिडकी. आणि नवरा गेल्यावर एकटी राहणारी बाई संडासाच्या डक्टशेजारी. सोडतीला कोणाचा फोन जात नाही. मला सोडत आवडते.

पण सोडतीचेही प्रकार असतात. एकेका घराची काढता येते, तशी शेजारच्या चार घरांची मिळून एक चिठ्ठीही टाकता येते. कोडमध्ये दोन-चार ओळींचा फरक. रात्री छातीत दुखलं की दार वाजवायचं ते शेजारचं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कदाचित दुसरी मागितली असती. कदाचित नसती, सगळ्यांचे शेजारी आमच्या काकूंसारखे नसतात. मला कुठलं घर हवं हे मला विचारू नका, त्यात मी स्वार्थीच असणार. चिठ्ठी कशी टाकायची हे विचारा, तेही आपली चिठ्ठी कुठली हे कोणालाच माहीत नसताना. सहभाग म्हणून मला एवढंच पटतं, आणि ते खांब उभे राहायच्या आधी.

ऑफिसात हे मांडायला गेले की चहा संपतो. तरी गेल्या वेळच्या चाचणीत मी एक रकाना वाढवला. ‘पर्याय अ’, ‘पर्याय ब’ आणि तिसरा, ‘हा प्रश्नच चुकीचा आहे, मला वेगळं सांगायचंय’. काही जणांनी तो निवडला आणि खाली लांबलचक लिहिलं, त्यातल्या एकीने चक्क व्हॉइस नोट पाठवली. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण या रकान्याचा ग्राफ कसा काढायचा? त्यावर अजून चर्चा चालू आहे.