अर्जावरचे अक्षर

माझे अक्षर चांगले आहे. या एका गुणावर मी सिद्धेश्वरसारख्या गावात बरीच वर्षे मान मिळवून आहे. माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या आहेत, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही त्या वाचण्याची तसदी घेतलेली नाही. पण अर्ज लिहायची वेळ आली, की मॅट्रिकपुढे न शिकलेल्या या मास्तराची आठवण प्रत्येकाला होते. विजेचा खांब वाकला, कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले नाही, कुणा म्हातारीचे अनुदान अडले, की ‘गुरुजी, एवढं लिहून द्या’ म्हणून माणसे दाराशी येतात. मीही मोठ्या हौसेने लिहून देतो. ‘वरील विषयास अनुसरून’ हे शब्द लिहिताना मला जो आनंद होतो, तो कादंबरीचे पहिले वाक्य लिहितानाही कधी झालेला नाही.

अशाच एका अर्जाची गोष्ट आज सांगायची आहे. सणासुदीला गोड बोलावे हा रिवाज खरा. परंतु दिवाळीच्या आधी आपण घराचा कानाकोपरा झाडून काढतो. त्याबरोबर मनाचाही एखादा कोपरा झाडला गेला, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी सहा वर्षांची मुलगी आजारी पडली. ताप, पोटात कळा आणि जुलाब. आळीतली आणखी दोन मुले तशीच पडली. तिसऱ्या दिवशी पाच-सहा माणसे माझ्या ओसरीवर जमली. गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, एकाने पत्र्याचा गोठा घालून दहा-बारा डुकरे पाळली होती. ‘दुसरं काय असणार?’ असे कुणीतरी म्हणाले, आणि त्यावर कुणालाच दुसरे काही सुचले नाही. त्या माणसाच्या जातीचाही उल्लेख झाला. तो माझ्या कानांनी ऐकला आणि माझ्या तोंडाने खोडून काढला नाही. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तरीही मी कागद घेतला आणि वळणदार अक्षरात ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. ‘सदर इसमाच्या डुकरांमुळे लहान मुलांच्या जिवास धोका उत्पन्न झाला असून’, असे ते वाक्य होते.

आठ दिवसांत नोटीस गेली. त्या माणसाने येईल त्या किमतीला जनावरे विकली. मुलगा शाळेत येईनासा झाला.

दरम्यान मुलीच्या शौचाच्या तपासणीचा कागद आला. डॉक्टर म्हणाले, ‘साल्मोनेला’. विषमज्वराचा जंतू याच कुळातला. पण तो फक्त माणसांत राहतो. हा त्याचा भाऊबंद डुकरात, कोंबडीत, गाईत, पालीतसुद्धा वस्ती करतो. ‘डुकरांत असतो ना?’ असे मी जरा विजयाने विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘असतो. पण तुमच्या घरी डुकराचं मांस येत नाही. त्या आठवड्यात दुसरं काय खाल्लं?’ मग मला आठवले. रविवारी घरी कोंबडी आणली होती. ज्या सुरीने ती कापली, तीच नुसती पाण्याखाली धरून मी कोशिंबिरीची काकडी चिरली होती. रोग कोंबडीतून आला की ओढ्यातून, हे शेवटपर्यंत ठरले नाही. ठरला होता तो फक्त गुन्हेगार; आणि तो तपासाच्या आधीच.

मग या जंतूविषयी मिळेल ते वाचत गेलो. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या तरुण संशोधकाला तो रोगी डुकरांत सापडला. नाव मात्र पडले ते त्याचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे. काम कारकुनाचे आणि नाव साहेबाचे, हे आपल्याला काही नवे नाही! पण खरी मौज पुढेच आहे. त्या काळी तिथे डुकरांत मोठी साथ चालू होती. हा जंतू रोगी जनावरांत सापडला, म्हणून साथीचा कर्ता तोच, असा निकाल झाला. पुढे वीसेक वर्षांनी कळले, की ती साथ एका विषाणूची होती. हा जंतू नुसता तिथे हजर होता. तो साव होता असे नव्हे. पण तो गुन्हा त्याचा नव्हता. हे वाचताना मला माझा अर्ज आठवला.

मात्र यावरून ‘बिचाऱ्या डुकराचा काय दोष?’ म्हणून मोकळे होणे, हीही एक फसवणूकच आहे. धोका खरा आहे. हा जंतू धष्टपुष्ट डुकराच्या आतड्यांत आणि गळ्यातल्या गाठींत मुक्काम करतो, आणि जनावर वरून ठणठणीत दिसते. त्याला गाडीत कोंबून, उपाशी ठेवून दूर नेले, की त्या हालाने जंतू विष्ठेतून बाहेर पडू लागतात. आणि कत्तलखान्याच्या आवारात शेजारच्या निरोगी जनावराला दोन-चार तासांतही लागण होते. स्वीडनमध्ये १९५३ साली अल्व्हेस्ता येथील कत्तलखान्यातल्या मांसातून सुमारे ९००० माणसे आजारी पडली आणि ९० च्या आसपास दगावली. डेन्मार्कमध्ये १९९८ साली डुकराच्या मांसातून २५ जणांना लागण होऊन दोघे मृत्यू पावले. त्या जंतूवर नेहमीची कित्येक औषधे चालत नव्हती. जनावरांना सरसकट औषधे चारली, की जंतू ती पचवायला शिकतात. म्हणूनच आपल्या सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे शेवटच्या आधाराचे औषध खाद्याच्या जनावरांना देण्यास बंदी केली.

डेन्मार्कने १९९५ पासून केलेली व्यवस्था मला विचार करण्याजोगी वाटते. तिथे कत्तलीच्या वेळी मांसाच्या रसाची तपासणी होते. लागण किती आहे ते पाहून कळपांच्या तीन पायऱ्या लावतात. खालच्या पायरीवरच्या मालकाला पैसे कमी मिळतात, आणि आपला कळप सुधारावा लागतो. त्याला पापी ठरवून कुणी गावाबाहेर घालवत नाही. पण ‘माझी जनावरे निरोगी दिसतात’ हे त्याचे म्हणणेही कुणी ऐकून घेत नाही. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष मागे वळून माणूस शोधतो. जबाबदारी आज हात धुतले का, मांस आतपर्यंत शिजले का, कच्च्या मांसाची सुरी वेगळी ठेवली का, असे विचारते. पहिला प्रश्न दुसऱ्याला विचारायचा असतो, म्हणून तो आपल्याला आवडतो.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते, तर मी ते विसरूनही गेलो असतो. पण मुलगी बरी होऊन शाळेत निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘जुलाब थांबले तरी पुढचे काही आठवडे तिच्या पोटातून हा जंतू जात राहील. शाळेत पाठवा, पण शौचानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिला कशाला शिवू देऊ नका.’ मी तिच्याकडे पाहिले. गुबगुबीत, हसरी, वरून ठणठणीत! ज्या न्यायाने मी तो अर्ज लिहिला, त्याच न्यायाने आता कुणीतरी माझ्या लेकीविरुद्ध अर्ज लिहायला हवा होता. तो कुणी लिहिला नाही, कारण ती गुरुजींची मुलगी.

आमच्या जवळच्याच औंढा नागनाथची कथा मी मुलांना दरसाल सांगतो. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर नामदेवांना म्हणाले, की देव जिथे नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. देवाइतकीच कठीण जागा या जंतूची आहे. तो नाही अशी जागा दाखवता येत नाही. मग आपण तेवढे शुद्ध आणि घाण ती ओढ्यापलीकडची, हा हिशोब कुठल्या आधारावर मांडायचा? दिवाळीचा केरसुद्धा आपण उंबऱ्याबाहेर लोटतो, तो कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.

त्या माणसाने यंदा चार पिले आणून पुन्हा सुरुवात केली. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. गोठ्याला सिमेंटची फरशी आणि सांडपाण्याला शोषखड्डा करायचा होता, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी येऊन पिले तपासावीत, असे दोन अर्ज हवे होते. मी लिहून दिले. त्याने कागद हातात घेतला, दिव्याजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला. गेल्या वर्षीचा अर्ज पंचायतीत त्याला दाखवला होता, हे मला तोवर माहीत नव्हते.

‘गुरुजी,’ तो शांतपणे म्हणाला, ‘अक्षर तेच आहे.’

‘होय,’ मी म्हणालो, ‘तेच आहे.’ आणि वर लिहिले आहे ते सारे, सुरी आणि काकडीसकट, मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि मीही तसे विचारले नाही. फराळाचे ताट पुढे केले, तेव्हा त्याने आधी विचारले, ‘हात कुठं धुवू?’

मीही उठलो, आणि मोरीपाशी त्याच्या मागे उभा राहिलो.