कर्ता आणि स्मर्ता

आम्हां भंडारेकरांस पितळी भांड्यांचा अभिमान. परंतु आपण नांव घेतों तें घडविणाऱ्याचें, कल्हई करणाऱ्याचें नव्हे. कलेच्या इतिहासकाराची गतही अशीच नव्हे काय? दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं आगकाड्या छायाचित्रागणिक किंचित् सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला. निर्जीवांत चैतन्य आणिलें. तो पट उरला नाहीं. उरली केवळ नोंद. अशा सचेतनपटांचा जागतिक इतिहास इटलीच्या जानाल्बेर्तो बेंदात्सींनीं (१९४६–२०२१) तीन खंडांत लिहिला. कर्त्याचा गौरव सोपा. विस्मृतीशीं झगडणाऱ्याचें ऋण कसें फेडावें? पुतळा उभारून नव्हे. त्यानें जपलेलें आपण पुढें जपावें, हेंच त्याचें खरें तर्पण होय.