खोली भाड्याने देणे आहे

आमच्या उमरेडच्या घराची वरची खोली मार्चमध्ये रिकामी झाली. तिथे राहणाऱ्या कोळसा खाणीतल्या काकांची बदली झाली होती. मी तेव्हा पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. आई म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकून दे. भाडं लिही, पाण्याचं लिही, अन् फक्त फॅमिलीसाठी असं लिही." मी टाइप करत होतो, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "अन् फोन आला त आडनाव विचारून घेजो."

माझं बोट तिथेच थांबलं. समोर टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला होता आणि बाबा एकटेच हसत होते. हा योगायोग मुद्दाम जुळवून आणलेला वाटेल. पण मराठी घरात वर्षातल्या कुठल्याही दिवशी हा सिनेमा टीव्हीवर लागलेला असू शकतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

सिनेमा आला 1988 मध्ये. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. तरी धनंजय माने, परश्या, ते सत्तर रुपये, ती लिंबू रंगाची साडी, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आमचा अर्धा ग्रुप तर याच सिनेमाच्या मीम्समधून एकमेकांशी बोलतो. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद. मूळ गोष्ट मात्र इथली नाही. ती हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'मधून आली, आणि तिथे ती त्याआधीच्या एका बंगाली सिनेमातून आली होती. म्हणजे भाड्याचं घर न मिळणं ही अडचण कोलकाता, मुंबई, पुणे असा प्रवास करत आली आणि कुठेच परकी वाटली नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुण्यात चार मित्रांना खोली हवी. लीलाबाई काळभोर फक्त लग्न झालेल्यांनाच जागा देणार. मग परश्याची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि दोन 'जोडपी' लीलाबाईंच्या घरात राहायला येतात.

आता हे नीट बघा. चार धडधाकट तरुण एका एकट्या वयस्क बाईला तिच्याच घरात राहून रोज फसवतात. ही बातमी पेपरात वाचली असती तर आपण कोणाची बाजू घेतली असती? सिनेमात मात्र आपण पहिल्या मिनिटापासून फसवणाऱ्यांच्या बाजूने असतो. ते पकडले जाऊ नयेत म्हणून श्वास रोखतो. पार्वतीच्या खोट्या डोहाळजेवणाचं गाणं तर आपण इतकं आपलंसं केलंय की ते आता खऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. माझ्या मावसबहिणीच्या कार्यक्रमातही वाजलं. एकीलाही त्यात अपशकुन वाटला नाही.

खोटं इतकं गोड कसं काय होतं? मला बरीच वर्षं वाटायचं की उत्तर सोपं आहे. नियमच मूर्ख असेल तर त्याला दिलेलं खोटं उत्तर पाप नसतं.

या मताला मोठे आधार आहेत. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. लुटारूंपासून पळणारी माणसं त्याच्यासमोरून रानात शिरतात. लुटारू येऊन विचारतात, माणसं कुठे गेली? कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात आणि सत्यवादी कौशिक नरकात जातो. याच्या बरोबर उलट टोकाला जर्मन तत्त्वज्ञ कांट. दारात खुनी उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला, तरी खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, असं त्याने 1797 च्या एका निबंधात मांडलं. 'सम लाइक इट हॉट' या 1959 च्या हॉलीवूडपटात तर खरोखरच खुनी मागावर असतात. शिकागोतलं हत्याकांड पाहिलेले दोन वादक बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये घुसतात आणि फ्लोरिडा गाठतात. त्यांनी कांटचं ऐकलं असतं तर सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. आणि वेषांतराचंच म्हणाल तर अज्ञातवासात विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडा होऊन नाच-गाणं शिकवणारा अर्जुन आपल्याकडे आधीपासून आहेच.

म्हणजे मी कृष्णाच्या बाजूचा होतो. पुण्यात घर शोधायची वेळ आली तोपर्यंत.

2022 मध्ये ऑफिसं पुन्हा उघडली. नागपूरच्या कॉलेजातले आम्ही तिघं मित्र घर शोधायला निघालो. बॅचलर म्हटल्यावर निम्मे फोन तिथेच संपायचे. शेवटी एक फ्लॅट मिळत होता. ऑफिसपासून दहा मिनिटं, बाल्कनी, भाडंही परवडणारं. मालक एकटे राहणारे आजोबा, मुलगा परदेशात. त्यांनी फोनवर तिघांची आडनावं विचारली. दोघांच्या आडनावांना "बरं, बरं" झालं. तिसऱ्याला "कळवतो" म्हणाले. ते आडनाव काय होतं हे मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही आधी त्याचाच हिशेब कराल.

कल्पना माझीच होती. करार दोघांच्या नावाने करू, तू पाहुणा म्हणून राहा. मित्र हसला. म्हणाला, "म्हणजे मी पार्वती."

तो अकरा महिने पार्वती होता. करारात दोन नावं, पोलीस पडताळणीत दोन नावं, भाड्याचे भाग मात्र तीन. त्याची पार्सलं माझ्या नावावर यायची. आजोबा महिन्यातून एका रविवारी बाल्कनीतल्या त्यांच्या कुंड्या बघायला यायचे. त्या दिवशी तो सकाळीच लॅपटॉप घेऊन बाहेर पडायचा. एकदा आजोबा न सांगता आले. मित्राला ताप होता. तो चाळीस मिनिटं बाथरूममध्ये बसून राहिला. चाळीस मिनिटं का, तर मी आजोबांना चहा विचारला. न विचारणं बरं दिसलं नसतं. ते चहा पिता पिता मुलाबद्दल बोलत बसले.

हा किस्सा आम्ही पुढे कितीतरी वेळा सांगितला. लोक हसून लोळायचे. तोही हसायचा, अंगावर टॉवेल घेऊन कसा बसला होता त्याची नक्कल करून दाखवायचा. त्याची आई गावाहून तीन दिवसांसाठी आली आणि लॉजवर राहिली, तो किस्सा मात्र कधी कोणी सांगितला नाही.

एका रात्री आम्ही लॅपटॉपवर 'बनवाबनवी' लावला होता. डोहाळजेवणाचं गाणं सुरू झालं आणि तो उठून बाल्कनीत गेला. मी मागे गेलो. तो म्हणाला, "पार्वती शेवटी साडी फेडते ना बे. मी काय फेडू?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मी तो सिनेमा वेगळा बघतो. त्यात तीन गोष्टी आहेत, ज्या आमच्या बनवाबनवीत नव्हत्या.

पहिली, सिनेमात जो खोटं बोलतो तोच हास्यास्पद होतो. साडीत धडपडतो, घामाघूम होतो, जीव मुठीत धरून राहतो. लीलाबाईंच्या भोळेपणावर सिनेमा फारसा हसत नाही, त्या चौघांच्या फजितीवर हसतो. आमच्याकडे खोटं मी बोललो आणि फजिती त्याची झाली. मला दहा मिनिटांवर ऑफिस मिळालं, त्याला बाथरूम.

दुसरी, लीलाबाईंची अट लग्नाची आहे. आज ना उद्या कोणालाही पुरी करता येईल अशी. आडनावाची अट कशी पुरी करायची?

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिनेमात खोटं उघडं पडतं. सोंग उतरतं, खरं कळतं आणि लीलाबाई माफ करतात. तिकडे फ्लोरिडातला तो कोट्यधीश म्हाताराही समोरची बाई पुरुष आहे हे कळल्यावर शांतपणे बोट चालवत राहतो. फसवल्या गेलेल्या माणसाला शेवटी मोठं होण्याची संधी मिळते. म्हणून आपण हसून मोकळे होतो, मनात काही बोचत नाही. खोट्याच्या धक्क्याने लीलाबाईंची अट मोडते. आमच्या खोट्याने आजोबांची अट जपली. त्यांच्या घरात त्या आडनावाचा माणूस अकरा महिने राहिला, भाडं देऊन राहिला, आणि तरी त्यांच्या लेखी तो कधी आलाच नाही. आम्ही नियमाला फसवलं असं समजत होतो. खरं तर आम्ही तो त्यांच्यापेक्षा काटेकोरपणे पाळला.

कौशिकाच्या गोष्टीतलं खोटं रानातल्या माणसांना वाचवणारं असायला हवं होतं. आमचं खोटं मित्राला वाचवण्यासाठी आहे असं मी स्वतःला सांगत होतो. पण "तिघांना मिळत नसेल तर आम्हालाही नको" असं एक खरं वाक्य तेव्हा उपलब्ध होतं. ते मी म्हणालो नाही, कारण बाल्कनी छान होती.

करार संपला तसा मित्र बंगळुरूला गेला. मी किल्ल्या द्यायला गेलो तेव्हा आजोबा म्हणाले, "तुम्ही दोघं फार सज्जन मुलं. असेच भाडेकरू मिळोत." मी नमस्कार केला आणि जिना उतरलो. सांगण्यासारखी ती शेवटची वेळ होती.

हे सगळं मी त्या दिवशी उमरेडला आईला सांगितलं. बाथरूमच्या किश्श्याला ती हसली. सगळेच तिथे हसतात. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याच्या आईले लॉजवर काऊन ठेवलं? आजोबाले मावशी हाय म्हणून सांगता नसतं आलं?"

म्हणजे तिनेही आधी आणखी एक खोटंच सुचवलं. मी काही बोललो नाही. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"लिही मग, तुले जसं लिहायचं तसं," आई म्हणाली. "पण फॅमिली राहू दे."

फॅमिली राहिलं. बाकी भाडं, पाण्याची वेळ आणि गाडी लावायला जागा आहे, एवढंच लिहून जाहिरात पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला. इथल्या शाळेत बदली होऊन आलेले एक शिक्षक होते, बायको आणि एक मुलगी. मी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच आडनाव सांगितलं आणि थांबले. पुढचं काय येतं हे पुष्कळदा ऐकलेला माणूस थांबतो तसे.

"खोली बघायला कधी येता?" मी विचारलं.

आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "कोण हाय रे?"

"शिक्षक आहेत. चार वाजता येतायत."

"चहापत्ती संपली," ती म्हणाली. "घेऊन ये."