वेगळी चूल

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या जिन्यात एका बाईंची पावलं वाजतात. विलेपार्ले पूर्वेची ही जुनी इमारत, लिफ्ट नाही. बाई साठीच्या पुढच्या आहेत, प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेतात. त्यांच्या गळ्यात दोरीला एक लहानशी गोल डबी असते. त्या डबीत चर्चमध्ये मिस्साच्या वेळी पवित्र केलेली भाकरीची पातळ चकती असते. वरच्या मजल्यावरच्या मावशींसाठी त्या कम्युनियन घेऊन येतात. मावशी वसईच्या वाडीत वाढलेल्या. पालिकेच्या रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. नवरा गेला, दोन्ही मुलगे कॅनडात, आणि चार वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. त्यांच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असते, म्हणून दार उघडायला मी वर जाते.

मी ख्रिस्ती नाही. सुरुवातीला दार उघडून मी लगेच खाली यायचे. मग एकदा मावशींनीच थांबवलं. तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहते. मेणबत्ती लागते, दोघी हलक्या आवाजात प्रार्थना म्हणतात, ती चकती मावशींच्या तळहातावर ठेवली जाते, थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग चहा. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपतं. पण मावशींचा त्यानंतरचा चेहरा मी पाहिला आहे. मुलांचा फोन येऊन गेल्यानंतरचा चेहराही पाहिला आहे. मुलं वाईट नाहीत, नेमानं फोन करतात, औषधांचे पैसे वेळेवर येतात. तरी फोननंतर मावशी थकलेल्या असतात आणि शुक्रवारनंतर नसतात. असं का, या प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलेलं नाही.

पार्ल्यात हा प्रश्न नवखा नाही. इथल्या जवळपास प्रत्येक इमारतीत दोन-तीन घरं अशी आहेत, जिथं भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत आणि टेबलावर एकच ताट. डोक्यावरून विमानं जातात; ज्यांची मुलं अशाच एका विमानानं गेली ते खाली खुर्चीत बसलेले असतात. संस्थांची उणीव म्हणावी तर पार्ल्यात तीही नाही. पार्ले टिळक विद्यालय १९२१चं, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. व्याख्यानं, गाणी, ज्येष्ठांचे कट्टे सगळं आहे. जिना उतरता येतो तोवर माणूस तिथं जातो. जगही आता या दुखण्याची दखल घेऊ लागलं आहे. ब्रिटननं २०१८मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकटेपणानं ग्रासलेला असल्याचं म्हटलं. उपाय सुचवले जातात ते बहुतेक एकाच वळणाचे: एकट्या माणसाला कुणाची तरी सोबत द्या. मावशींकडे पाहून आणि मराठी ख्रिस्ती माणसांनी लिहून ठेवलेलं वाचून मला वाटू लागलं आहे की हे निदान अर्धंच आहे.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचा आणि एकटेपणाचा संबंध जोडताना एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. आपल्याकडे या श्रद्धेनं माणसांना आधी एकटं पाडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर एका दिवसात तुटलं. नवरा जिवंत असून लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयानं राहिल्या. टिळक एकीकडे, बायको-मुलगा दुसरीकडे, आणि मधे साऱ्या समाजाची भिंत. ही भिंत लक्ष्मीबाईंना नवी नव्हती. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४मध्ये आला. त्यात त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, प्रत्येक स्पर्शाला घाबरायचं. लोक ते प्रसंग हसत वाचतात, आणि लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी आहे. मला मात्र त्या घराची कणव येते. ज्या घराला साऱ्या जगाचा विटाळ होतो, ते घर किती एकटं असेल!

पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या, पण आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी सांभाळून. नवऱ्याजवळ येऊनही त्या एका अर्थानं दूरच होत्या. 'स्मृतिचित्रे'तला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग बाप्तिस्म्याचा नाही. तो त्याच्या आधीचा आहे, राहुरीचा. स्वतःशीच विचार करता करता लक्ष्मीबाई या निष्कर्षाला आल्या की माणसं देवानं केली, जाती माणसांनी केल्या. आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. कुणी उपदेश केला नव्हता, टिळकांनी हट्ट धरला नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. त्यांच्या आयुष्यात आधी पंगत बदलली, मग धर्म. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. एकटेपणातून सुटका म्हणजे कुणीतरी येऊन आपल्याला जवळ घेणं, असं आपण समजतो. लक्ष्मीबाईंची सुटका दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्यातून सुरू झाली.

आणि मग त्यांच्या घरात माणसं शिरली ती थांबलीच नाहीत. अनाथ मुलं, शिकायला आलेली मुलं, दुष्काळातून वाचलेली, प्लेगला भ्यालेली. पैसा कधीच पुरेसा नव्हता. टिळक हाताला येईल ते देऊन टाकणारे, संसाराचा गाडा ओढायचा तो लक्ष्मीबाईंनी. हे घर सोपं होतं असं कुणी म्हणू नये. नवरा-बायकोची भांडणं त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहिली आहेत. पण जिचं बालपण स्पर्शाच्या भीतीत गेलं, तिच्या घराला पुढे दारच उरलं नाही, हे खरं.

अशाच दुसऱ्या बाई पंडिता रमाबाई. त्यांच्या एकटेपणाचा हिशेब मांडताना हात थांबतो. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायपीट करत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, आणि १८८२मध्ये पटकीनं तेही गेले. तेवीस-चोवीस वर्षांची बाई, कडेवर एक मुलगी, आणि स्वतःचं म्हणावं असं जगात दुसरं कुणी नाही. इंग्लंडला गेल्या तर सोबतची मैत्रीण आनंदीबाई भगत तिथंच वारली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. ज्यांच्या आश्रयाला त्या गेल्या होत्या त्या इंग्लिश भगिनींशीही धर्ममतांवरून त्यांचे खटके उडाले, कारण कुणी सांगितलं म्हणून मान डोलवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणजे इकडे परकी, तिकडेही परकीच.

त्यांच्या आत्मनिवेदनात दोन गोष्टी आहेत, त्या मी वारंवार वाचते. एक म्हणजे, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाची ती पोकळी भरायला आणखी सातआठ वर्षं गेली. म्हणजे धर्मांतरानं एकटेपणा संपतो, असा दावा रमाबाईसुद्धा करत नाहीत. दुसरी गोष्ट शोमरोनी स्त्रीची. लंडनजवळ फुलहॅम इथं समाजानं टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि या भगिनींना हे बळ कुठून येतं असं विचारल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट त्यांच्यासमोर आली.

ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. तिथं येशू बसलेला आहे, दमलेला, तहानलेला. तो यहुदी, ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नाहीत. पाच नवरे झालेली, आता सहाव्याबरोबर राहणारी बाई. तिला तो धीर देत नाही, उपदेश करत नाही, सोबत करू का असंही विचारत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, आणि तिचं आश्चर्य सगळ्या महाराष्ट्राचं आहे: तू माझ्या हातचं पाणी पिणार?

मला ख्रिस्ती श्रद्धेतला दिलासा इथं सापडतो. एकट्या माणसाला सर्वांत जास्त बोचतं ते कुणी येत नाही हे नव्हे. आपल्याकडे मागावं असं आता कुणाला काही उरलेलं नाही, हे त्याला आत कुरतडतं. मुलांचा फोन देण्यासाठी येतो: पैसे पोहोचले का, डॉक्टर आले का, काही हवं का. त्यात प्रेम असतं, पण मागणं नसतं. विहिरीवर बसलेला देव मात्र मागतो. त्याच शुभवर्तमानात वधस्तंभावरही तो तहान लागल्याचं बोलतो, आणि मत्तय व मार्क सांगतात की त्याच घटकेला त्यानं देवाला विचारलं, तू मला का टाकलंस? ज्या श्रद्धेच्या मध्यभागी असा टाकलेला माणूस आहे, तिथं टाकलेल्या माणसाला लाज वाटायचं कारण उरत नाही. रात्री तीन वाजता झोप उडाल्यावर ज्याच्याशी बोलायचं, त्यालाही ती रात्र ठाऊक आहे. हे बोलणं नुसतं मनाचं समाधान आहे असं कुणी म्हणेल. मी बाहेरून पाहणारी, त्याचा निवाडा मी करणार नाही. मात्र रमाबाईंनी त्या बोलण्यातून उठून काय केलं ते इतिहासात आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली-बायका केडगावला घेऊन आल्या. १९००च्या सुमारास तिथल्या त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमात जवळपास दोन हजार जणी होत्या. जिच्या मागं कुणी नव्हतं, तिच्याकडे दोन हजार जणी भाकरी मागत होत्या. १९२१मध्ये मुलगी मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

या श्रद्धेच्या नावानं जे उभं राहिलं ते सगळंच असं मोकळं नव्हतं, हेही सांगायला हवं. मिशनचं आवार ही दुसरी वेगळी चूल झाली. गावकुसाबाहेरून आलेल्यांना चर्चमध्येही जातीनं गाठलं. ते टिळकांनी ओळखलं होतं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या माणसाला तो पूल मागं जाळून टाकणं जमणारं नव्हतं. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावं, ही त्यामागची कल्पना. ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि दरबार फार वाढला नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातलं हे अपुरं राहिलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आजही एकट्या, घाबरलेल्या माणसाला चमत्काराचं आमिष दाखवणारे आहेत, सगळ्याच धर्मांत आहेत. एकटेपण म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे त्यांना ठणकावून सांगायला हवं. उलट माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते. तिथं रांगेत सर्व धर्मांची माणसं असतात, मरियामातेला चिठ्ठ्या लिहितात, आणि कुणी कुणाला नाव विचारत नाही. तीच गोष्ट गावठाणांतल्या क्रूसांची. प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांनी किती तरी क्रूस उभारले. चर्चपर्यंत जाणं धोक्याचं, तेव्हा माणसं आपल्याच गल्लीच्या तोंडाशी जमून प्रार्थना करायची. इमारती वाढल्या, रस्ते रुंदावले, त्यांतले कित्येक क्रूस अजून आहेत. वारकऱ्यांच्या दिंडीतही माणूस एकटा राहत नाही, हे मला ठाऊक आहे; माझी आजी त्यावरच जगली. पण दिंडीला पाय लागतात. पाय गेल्यावर जिना चढून कोण येणार, हा माझा प्रश्न आहे. डबी घेऊन येणाऱ्या बाईंना त्यासाठी पगार नाही; त्यांच्या यादीत अशी सात घरं आहेत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मला एक गोष्ट कळली. त्या बाई मावशींना कम्युनियन देतात, आणि निघताना एक कागद देतात. त्यावर चार-पाच नावं आणि फोन नंबर असतात: कुणाचा नवरा नुकताच गेलेला, कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणी महिनाभर मिस्साला दिसलेलं नाही. मावशींनी त्यांना रोज फोन करायचा. सगळेच ख्रिस्ती नसतात. एक आजोबा आमच्याच गल्लीतले, पक्के वैष्णव. मावशींना उठता येत नाही, पण परिचारिकेचा आवाज आहे, आणि त्या आवाजाची गरज असलेली माणसं आहेत.

परवा बाजारातून येताना मी त्यांच्यासाठी वालाच्या शेंगा घेतल्या आणि किल्लीनं दार उघडून आत गेले. मावशी पलंगावर उशीला टेकून फोनवर बोलत होत्या, जेवलात का, काय जेवलात, नुसता वरणभात का. मला पाहून त्यांनी बोलणं थांबवलं नाही. हातानंच खुर्ची दाखवली, शेंगांकडे पाहिलं, आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, ''बस, सोलायला घे. आणि दोन माणसांना पुरतील एवढ्या काढ, खालच्या आजोबांना डबा न्यायचाय तुला.''