पाहिलेले आणि ऐकलेले

फुलबागेतल्या समाधीपाशी गेलो की मला राणी लक्ष्मीबाईंच्या घोड्याआधी एक विहीर आठवते. ती आपल्या ग्वाल्हेरीत नव्हे, काल्पीच्या वाटेवर. बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाची वार्ता ऐकून वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे १८५८ साली तिथे होते. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणी आल्या. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला त्यांनी ते करू दिले नाही; स्वतः पाणी ओढून मातीच्या भांड्यातून ओंजळीने प्यायल्या.

पराभूत स्त्रीची अशी अवस्था लिहावी काय? माझ्या मते लिहावी, कारण गोडसे तिचे हाल सांगून थांबत नाहीत. तिने काय ठरवले तेही सांगतात. उलट, १८५७ साली इंग्रजी पत्रांत गोऱ्या स्त्रियांच्या विटंबनेच्या कथा भरभरून छापल्या गेल्या. ‘टाइम्स’चा रसेल १८५८ मध्ये येथे आला, तेव्हा त्याला त्यांतील अनेकींना आधार सापडेना. तोवर सूड बराचसा उगवून झाला होता. त्या स्त्रियांचे खरे दुःखही त्यांचे उरले नाही, फाशीचे निमित्त झाले.

सरकारी नोकरीत पंचनामे वाचताना ‘समक्ष पाहिले’ आणि ‘असे समजते’ यांतील अंतर मी शिकलो. गोडसे मात्र येथला राणींचा शेवट, स्वतः पाहिला नसताना, त्याच ओघात लिहून जातात. शिवाय वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ संहिता पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणली. आम्ही ग्वाल्हेरकर आजही मुलांना तो ऐकीव शेवटच सांगतो, विहीर सांगत नाही.